झाडांच्या नावांची यादी

पवनला गुणवंतरावांकडे झेरॉक्स काढायची होती. शिरला शेजारच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये. गडचिरोलीतली चैत्रातली दुपार, वाळ्याचा वास सोडणारा कूलर, आणि काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप करत बसलेली, तिथं शिकवणारी आचल… झेरॉक्स राहूनच गेली.

तो एटापल्लीच्या पलीकडच्या गावचा. म्हाताऱ्यांनी सांगितलेली झाडांची नावं त्याच्या फोनमध्ये रेकॉर्ड होती, आणि गावच्या सभेत त्यांची यादी वाचायची होती. आचलनं त्याला रोज ऐकून नावं टाइप करायला जागा दिली आणि कॉम्प्युटरला हुकूम देणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहून दिली. दिवसभराची नावं क्रमानं लावायची, निघालेली यादी एका बाणाच्या खुणेनं फाइलीत वळवायची, कच्ची नावं पुसायची. त्यानं एंटर दाबलं. पडदा कोराच राहिला.

"उडालं का जी, मॅडम?"

"नाई. गप्प राह्यलं म्हंजे काम झालं. चुकलं असतं तर बोललं असतं."

मग दहा दुपारी कशा गेल्या, कोणी मोजल्या नाहीत. पवन पळसाच्या द्रोणातून मोहफुलं आणायचा. 'मॅडम'ची 'आचल' झाली. तो पडद्याकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त बघायचा. तिला ते कळायचं, आणि ती मुद्दाम पडद्यावरची नजर हलवायची नाही. आवडायचं मात्र तिला.

अकराव्या दिवशी, सभेला दोनच दिवस उरले असताना, तिनं यादी उघडली. आत फक्त कालची नऊ नावं. एक बाण जुनं पुसून नवं लिहितो. जुन्याखाली जोडायला दोन बाण लागतात. घाईत ती एकच देऊन बसली होती.

"चूक माही हाय," ती म्हणाली.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसता इअरफोन काढला, एक टोक तिला दिलं. गावच्या म्हाताऱ्या दसरूकाकांचा खोकला, एक नाव, मागे कुठंतरी पाखराची साद… डोक्याला डोकं लावून दोघं पुन्हा ऐकत गेले, ती लिहीत गेली. दुसऱ्या दिवशी चार वाजता यादी पुरी झाली. पाचला त्याची बस होती.

"मी परत येऊ का?" त्यानं विचारलं. "झेरॉक्ससाठी नाई… तुह्यासाठी."

आचलनं मान खाली घातली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"दहा दिवस ते स्क्रिप्ट बी गप्पच होतं," पवन हळूच म्हणाला, "आन् सगळं पुसत होतं. मले गप्प नोको. बोलून सांग."

ती काहीतरी पुटपुटली. कूलरच्या घरघरीत ते विरून गेलं. त्याचा चेहरा उतरला, तसं तिला राहवेना. ती उठली, कूलर बंद केला.

"ये म्हन्लं. मले आवडते तू."

खोली एवढी शांत झाली होती, की तिचे शब्द भिंतीपलीकडे गेले, आणि पुढचं ऐकायला गुणवंतरावांनी झेरॉक्सचं मशीन थांबवलं.