बदली हजर

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहू द्या. मी काही कुणाच्या पाया पडत नाही. पण ज्याच्यावर हे बेतलं तो माझा सख्खा मामा आहे. कुशामामा आयुष्यात एकदाच खोटं बोलला, आणि ते त्याला चांगलंच महागात पडलं.

साल एकोणीसशे अठ्ठावन्न. जानेवारीतला तिसरा रविवार.

रात्र नव्हती. भरदिवसा घडलं.

त्याआधी दोन वर्षं, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, मुंबईत गोळीबार झाला होता. त्यात गेलेल्यांच्या आठवणीसाठी लालबागच्या आमच्या चाळीनं ठरवलं, ठाण्याहून निघायचं आणि थेट फाउंटनपर्यंत चालत जायचं. अनवाणी. वाटेत ट्राम नाही, बस नाही.

एक्केचाळीस माणसं निघाली. दोघादोघांची रांग.

शेवटी कुशामामा एकटा.

ती जागा त्यानंच मागून घेतली होती. दोन वर्षं तो असाच झाला होता. मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहायचा, खोलीवर येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. चाळीतली माणसं म्हणायची, याला झालंय तरी काय?

काय झालं होतं, ते फक्त त्यालाच ठाऊक होतं.

गोळीबाराच्या दिवशी प्रत्येक खोलीतून एक माणूस मोर्चाला जायचा होता. मामाच्या खोलीतून मामाची पाळी. पण आदल्या दिवशीच्या बातम्या ऐकून त्याची पाचावर धारण बसली होती. शेजारच्या खाटेवर जयवंत होता. मालवणकडचा, हसरा पोरगा. मिलमध्ये बदली कामगार. म्हणजे कायमचा कामगार आला नाही, की त्याच्या जागी उभा राहणारा.

"जयवंता, आज माझ्या बदली तू जा की रं."

"जातो. चा पाजशील ना?"

तो गेला... आणि परत आला नाही. गर्दीत चाळीतल्या कुणी त्याला पाहिलं नव्हतं. प्रेत मिळालं नाही. कुठल्या यादीत नाव नाही. त्याची आई सुभद्रामावशी गावाहून धावत आली, तेव्हा मामा तिच्याकडे न बघता बोलून गेला, "बोटीवर नोकरी लागली म्हनत होता. गेला आसंल."

त्या एका वाक्यावर ती म्हातारी दोन वर्षं चाळीत देव पाण्यात घालून बसली होती.

मामानं मनाशी ठरवलं होतं. ठाणे ते फाउंटन, एक पाऊल न चुकवता चालायचं. मग घरी येऊन मावशीला खरं सांगायचं.

चालणाऱ्यांचे पुढारी बाबुराव. मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, त्यामुळे हजेरी घेतल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. प्रत्येक मुक्कामाला एकेक नाव पुकारायचे, अगदी मिलच्या गेटवर पुकारतात तसं. गेटवर कायमचा माणूस नसला, की त्याच्या जागचा ओरडतो, "बदली हजर!"

शीवला पहिली हजेरी झाली. मामा मागे पडला होता. तळपायाला फोड आले होते. वळणापलीकडून त्याला बाबुरावांचा आवाज ऐकू आला.

"कुशाबा शेलार!"

मामा ओरडणार, इतक्यात...

"बदली हजर!"

मामा जागीच थांबला. नंतर वाटलं, कुणीतरी मस्करी केली असेल. आपली माणसं काय, मयतालाही चेष्टा करतील.

दादरला मात्र फोड फुटले. पाऊल टेकलं की कळ थेट मस्तकात जायची. रांग पुढे निघाली. मामा फुटपाथवर टेकला. समोर ट्राम उभी होती.

त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

आणि चढला.

पुन्हा तेच केलं हो त्यानं! दोन वर्षांनी पुन्हा पळाला. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटत होती, पण पाय काही खाली उतरेनात. गिरगावात गुपचूप रांगेत शिरू, असं म्हणून तो खिडकीशी अंग चोरून बसला.

परळच्या पुढे ट्रामनं रांग गाठली. मामानं मान खाली घातली. पण नजर गेलीच.

वीस जोड्या.

आणि त्यांच्या मागे... त्याच्या जागी...

कुणीतरी चालत होतं.

नुसती पाठ दिसली. अंगात निळ्या पट्ट्यांचा सदरा. खांद्यावर उसवलेला. तो सदरा मामाचा होता. दोन वर्षांपूर्वी मोर्चाला जाताना जयवंतानं खुंटीवरून ओढून घातलेला.

ट्राम पुढे गेली. वळून बघायची मामाची छाती झाली नाही.

गिरगावात तो दीड तास एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. आजूबाजूला रविवारची गर्दी होती. लोक हसत होते, भेळ खात होते. इतकं एकटं त्याला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

रांग आली. मागे कुणी नव्हतं. मामा आपल्या जागी शिरला. पुढच्या जोडीतल्या धोंडूनं मान वळवली.

"काय रे कुशाबा, दादरपासून मागे तुझी पावलं ऐकतोय. हाक मारली तर ओ नाही. रागावलास काय?"

तेवढ्यात बाबुरावांनी वही काढली.

"कुशाबा शेलार!"

मामानं तोंड उघडलं. आवाज आला...

पण त्याच्या तोंडून नाही. अगदी उजव्या कानाशी. दमलेला.

"बदली हजर."

बाबुरावांनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. कुणालाच काही वावगं वाटलं नाही. फाउंटनला सगळ्यांनी फुलं वाहिली. मामाच्या हातातली फुलं तशीच राहिली.

दिवेलागणीला तो चाळीत परतला. सुभद्रामावशी दारातच उभी. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू होतं. आत चुलीवर माशांची आमटी उकळत होती. दोन ताटं मांडलेली.

"कुशाबा, माझो झील खंय हा रे?" तिच्या मालवणीत झील म्हणजे मुलगा.

"क... कोन?"

"जयवंत! बोटीवरना इलो मा? तुमच्यावांगडा रांगेत चलत होतो!"

झालं होतं असं. रांग लालबागला आली, तेव्हा चाळीतल्या बायका कळशा घेऊन रस्त्यावर बसल्या होत्या. प्रत्येक चालणाऱ्याचे पाय धुवायचे, असं त्यांचं ठरलेलं. मावशी रांगेच्या शेवटाला बसली होती. मोतीबिंदूमुळे तिला चेहरे नीट दिसत नव्हते. पण शेवटच्या माणसाचा डावा पाय तिनं हातात घेतला, तेव्हा त्याला करंगळी नव्हती. जयवंताची करंगळी लहानपणी कोयत्यानं तुटली होती. तिनंच हळद भरली होती.

"माझ्या झिलाचो पाय मी वळखूचंय नाय काय? थंडगार पडलो होतो रे. मी तोंड वर करीपर्यंत रांग फुडे गेली."

मामा उंबऱ्यावर बसला. आणि दोन वर्षं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. मोर्चा, पाळी, खोटं, बोट, सगळं.

"मावशे, तो बोटीवर गेलाच न्हाई. माझ्या बदली गेला. मी मारला त्याला."

मावशी रडली नाही. आमटी उतू गेली, चूल विझली.

मग तिनं स्वतःचे दोन्ही हात पाहिले.

"मगे मी धुतले... ते पाय कोणाचे?"



पुढच्या वर्षी मामानं बाबुरावांच्या वहीत एक नाव वाढवायला लावलं. शीवला ते पुकारलं गेलं. "जयवंत परब!"



मग मागून मामा ओरडला, "बदली हजर!" आणि ढसाढसा रडला. त्या वर्षी फोड फुटले, रक्त आलं, पण तो ट्रामकडे फिरकला नाही.

तो अजूनही दरवर्षी चालतो. रांगेच्या शेवटी. शेजारी कुणाला येऊ देत नाही. यंदा मीही गेलो होतो, त्याच्या पुढच्या जोडीत. लालबागला पाय धुऊन आम्ही पुढे निघालो. मागून ओली पावलं वाजत होती.

एका माणसाची नव्हती.

रस्त्यावर ठसे उमटले असणार. मी मागे वळून खाली पाहिलं नाही.

करंगळ्या मोजायची माझी हिंमत झाली नाही.