कॉम्प्युटरमधला भाडेकरू

जुन्या कॉम्प्युटरांच्या दुकानात एकाच डब्यावर दोन हात एकदमच पडले, आणि ठमी दचकली. दुसरा हात हटायला तयारच नव्हता!

“मी आधी पाहिला,” ती म्हणाली.

“पाहिला असेल. हात आधी माझा पडला.” तो हसला, आणि हसता हसता त्याचा चष्मा नाकावरून घसरला. “चौसष्ट जीबी मेमरी आहे यात. एवढ्याचं करणार काय तुम्ही?”

“घरी लॅब करणार. पुढच्या सोमवारी ऑफिसात परीक्षा आहे. पास झाले तर सर्व्हर विभागात. नाहीतर जन्मभर मदतकक्षात बसून लोकांना ‘बंद करून परत चालू करा’ सांगायचं!”

त्याने डब्यावरचा हात काढला. अगदी सहज. ठमी भांडायला पदर खोचून उभी, आणि समोरून भांडणच पळालेलं... तिची पंचाईतच झाली.

“न्या. पण एक अट,” तो म्हणाला. “आत मला एक खोली द्यायची. एका कंपनीला नोकरीसाठी पुढच्या रविवारी संध्याकाळी काम करून दाखवायचंय. मी माझ्या घरूनच जोडून घेईन. तुम्हाला काही त्रास नाही.”

तो एका शाळेच्या कॉम्प्युटर लॅबचा तंत्रज्ञ निघाला. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, सगळं बसवून द्यायला घरी हजर! खऱ्या कॉम्प्युटरमध्ये एक मोठं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नुसता मानलेला कॉम्प्युटर, आणि त्याच्या आत तशीच आणखी तीन छोटी. दोन ठमीची, एक त्याचं, म्हणजे त्याची ती ‘खोली’.

“कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर, त्याच्याही पोटात कॉम्प्युटर,” ठमीची आई म्हणाली. “नशीब, यांना जेवायला घालावं लागत नाही.”

छोटी मशीनं काही केल्या सुरू होईनात. तो मात्र हाताची घडी घालून बसलेला. “सांगा ना,” ठमी वैतागली. “परीक्षा तुमची आहे,” तो म्हणाला. तासाभराने तिलाच सापडलं, मोठ्या मशीनला आत मशीनं चालवायची परवानगीच दिली नव्हती. पडद्यावर तिन्ही मशीनं एकदम उजळली. ती ओरडली, त्याच्याकडे वळली, आणि तो पडद्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता. ठमीने घाईघाईने माऊस उचलून पुसायला घेतला.

शेवटी त्याने मोठ्या मशीनचा स्नॅपशॉट घेतला. काही बिघडलं, तर सगळं पुन्हा त्या क्षणापर्यंत मागे नेता येतं.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता मोठ्या मशीनच्या फोल्डरमध्ये एक चिठ्ठी उमटली. “भाडेकरू आले. घरमालकीणबाई चहा प्यायल्या का?” मंगळवारी, “आज मुलांनी तीन माऊस पळवले. एक माझ्याच खिशात सापडला.” रोज सातला एक चिठ्ठी, आणि सातला पाच मिनिटं असताना ठमी खुर्चीत. अभ्यासाला, असं ती आईला सांगे.

शनिवारची चिठ्ठी एका ओळीची होती. “उद्या रविवार, माझी मुदत संपेल. मग या खोलीचं काय?”

ठमीने तीनदा उत्तर लिहिलं... आणि तीनदा खोडलं.

रविवारी दुपारी सराव करताना तिने मोठ्या मशीनचं नेटवर्क असं काही विस्कटलं, की आतलं एकही मशीन दुसऱ्याला ओळखेना. उद्या परीक्षा! तिने जुना स्नॅपशॉट निवडला. ‘यानंतरचं सगळं पुसलं जाईल. चालेल?’ पडद्याने विचारलं. चालेल, तिने सांगितलं. निळी पट्टी भरत गेली, भरली, आणि तेव्हा तिला आठवलं.

भाडेकरू! त्याची खोलीही त्या मोठ्या मशीनच्याच पोटात होती. त्याचं आठवड्याचं काम, संध्याकाळी दाखवायचं काम, तिने एका बोटाने पुसून टाकलं होतं.

तिने फोन लावला. “मी... तुमची खोली पाडली.”

 पलीकडून एकच शब्द, “येतो.” फोन बंद.

संपलं, ठमीला वाटलं. त्याची नवी नोकरी गेली, आणि आता तोही जाणार. वीस मिनिटांनी तो धापा टाकत दारात उभा राहिला.

“अहो, तुम्ही रडताय?”

“तुमचं सगळं काम गेलं! संध्याकाळी काय दाखवणार तुम्ही?”

“काही नाही,” तो खाली बघत म्हणाला. “खोली रिकामीच होती. मी तिच्यात एक फाईलसुद्धा ठेवली नव्हती. आणि... कंपनी वगैरेही काही नाही.”

ठमीचे डोळे जागच्या जागी कोरडे झाले. “काय? मग रोज सातला यायचात कशाला?”

“तुम्ही आहात का बघायला.”

“आणि इथे माझा जीव टांगणीला!” तिने हातातला माऊसपॅड त्याच्या दंडावर हाणला. “आठवडाभर खोटं बोलत होतात?”

“एकदाच बोललो. दुकानात. पुढचं चिठ्ठ्यांमधलं सगळं खरं होतं.” त्याने पडद्यावरच्या रिकाम्या फोल्डरकडे बोट केलं. “त्याही गेल्या ना. त्यांचंच वाईट वाटतंय. शनिवारची तुम्ही वाचली तरी का, तेही कळलं नाही.”

ठमी उठली. अभ्यासाच्या वहीचं शेवटचं पान उघडून तिने वही त्याच्या हातात ठेवली. सोमवारपासून शनिवारपर्यंत सहाच्या सहा चिठ्ठ्या, तिच्या अक्षरात, तारीख आणि वेळेसकट.

“बॅकअप,” ती म्हणाली.

आता थक्क व्हायची पाळी त्याची होती. तोंड उघडं, चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर. तो वाचत वाचत शनिवारपाशी आला. “मग या खोलीचं काय?” त्याखाली तीन ओळी गिरगटून काढलेल्या, आणि पुढे कोरी जागा.

ठमीने त्याच्या खिशातलं पेन ओढून घेतलं, वही त्याच्या हातातच राहू दिली, आणि त्या कोऱ्या जागेत लिहिलं, “खाली करायची नाही.”