रक्ताची आठवण

नागपूरच्या प्रयोगशाळेत राष्ट्रीय प्रतिपिंड सर्वेक्षणाची आखणी शेवटच्या टप्प्यात होती. देशभरातल्या लाखो लोकांचं थेंबभर रक्त दरवर्षी तपासायचं आणि कुठल्या रोगाविरुद्ध कोणाच्या अंगी प्रतिकारशक्ती आहे, याचा नकाशा बनवायचा. डॉ. मुजावरांनी घडवलेलं रक्तस्मृतिमापक यंत्र त्याहून पुढे जात होतं.

"रक्तातली प्रतिपिंडं जुनी होतात, तसा त्यांचा साचा बदलतो," ते समितीला म्हणाले होते. "त्यावरून रोग कोणत्या महिन्यात झाला, तेही कळतं."

प्रत्येकाला त्याचा निकाल कळवलाच पाहिजे, हा आग्रह योजनाप्रमुख हेमांगी तळवेलकरचा.

यंत्र पडताळायला राखतापाचा, म्हणजे एका जुन्या साथीच्या तापाचा, संसर्ग कधीच न झालेलं रक्त हवं होतं. हेमांगीने स्वतःचं दिलं. लहानपणी त्या साथीत तिचा भाऊ उदय गेला, तेव्हा तिला भंडाऱ्याला मावशीकडे पाठवलेलं होतं. आई त्याला यवतमाळच्या लग्नाला घेऊन गेली आणि तिथेच त्याला लागण झाली, हे तिला पाठ होतं. त्यासाठी तिने आईला कधी माफ केलं नव्हतं.

यंत्राने मात्र तिच्या रक्तात राखताप दाखवला. महिना त्याच वर्षीचा मे. उदय आजारी पडला होता जूनमध्ये.

नमुने बदलले असतील, असं वाटून तिने पुन्हा रक्त दिलं. निकाल तोच आला. यंत्र चुकतंय की आपली आठवण, तिला काही समजेना. संध्याकाळी ती आईकडे गेली.

हेमांगीने निकाल सांगितला, तशी आईने पदर सावरला. "तुला दोन दिवस ताप होता. तुझा उतरला, मग त्याला चढला. तेव्हा तुला मावशीकडे धाडलं."

"आणि यवतमाळचं लग्न?"

"लग्न झालंच नाही गं. आठ वर्षांची होतीस तू. कोणावर तरी राग काढल्याशिवाय तुला झोप लागली नसती. म्हटलं, माझ्यावर काढ."

हेमांगी आईचा हात धरून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मुजावरांनी विचारलं, निकाल कळवण्याचं कलम कायम ठेवायचं ना? तिने होकार दिला, लगेच नकार दिला. अखेर तिने त्यांना सगळं सांगितलं.

मुजावरांनी खिशातून एक बंद लिफाफा काढला.

"माझे अब्बाही त्याच साथीत गेले," ते म्हणाले. "काल मीही रक्त दिलंय. निकाल अजून उघडला नाही. मॅडम, उघडू का?"