दुसरी शिट्टी

चूक मामाची होती. हे आधीच सांगून टाकतो. कारण रात्री वीज गेली की आम्हा भाचरांना गच्चीवर जमवून तो हीच गोष्ट सांगतो, आणि सुरुवात करतो, "माझ्या ओळखीचा एक पोहण्याचा मास्तर होता..." ओळखीचा वगैरे कोणी नाही. मास्तर तो स्वतःच. आणि पाण्यात जो अडकला तो माझा सख्खा मोठा भाऊ. कॉलेज सोडल्यापासून मला मोठ्यांचा मान ठेवता येत नाही असं घरात बोललं जातं. बरोबर आहे.

तळं वस्तीच्या बाहेर आहे, गोड्या पाण्याचं. सुट्टीत तिथे झुंबड असते. पॅडल बोटी, भाड्याच्या ट्यूबा, कपडे बदलायला पत्र्याच्या खोल्या. पोहायची जागा दोर लावून आखलेली, दोरावर लाल पिंपं तरंगतात. मामा तिथे पोरांना पोहायला शिकवायचा आणि दादा त्याच्या हाताखाली राबायचा. जूनपासून दादाला जीवरक्षक म्हणून कायम करायचं चाललं होतं. त्यासाठी मामाने वर एक शब्द टाकायचा होता. तो शब्द टाकेपर्यंत मामा सांगेल ते काम दादाचं.

पाण्यात मामाचा एक नियम होता. प्रत्येकाला जोडीदार हवा. लांब शिट्टी वाजली की असाल तिथे थांबायचं, जोडीदाराच्या बोटांत बोटं अडकवायची आणि हात वर करायचे. मामा काठावरून हात मोजायचा. मग दोन आखूड शिट्ट्या. त्या झाल्याशिवाय हात सोडायचा नाही. सोडला तर आठवडाभर काठावर बसायचं. एकटं पोर आलं तर मामा त्याला दारातूनच परत पाठवायचा. "जोडी घेऊन ये," म्हणायचा. किती शिस्तीचा माणूस, असं आम्हाला वाटायचं.

एकोणतीस मे, रविवार. संध्याकाळचे साडेसात. लोक पांगले होते, तिकीटवाल्या बाई खिडकी लावून गेल्या होत्या. शेवटच्या पिंपाची गाठ सुटली होती.

"जा, बांधून ये," मामा म्हणाला.

"उद्या सकाळी बांधतो ना. अंधार पडला."

"पाणी अंधारात ओलं नसतं का? जीवरक्षक व्हायचंय म्हणे. जा."

दादा गेला. शेवटचं पिंप काठापासून साठेक मीटरवर, खाली तीन पुरुष खोल पाणी. काठावरचा एकच दिवा. दादाने एका हाताने पिंप धरून गाठ मारली. मामाला अंधारात तो नीट दिसत नव्हता, म्हणून असेल, किंवा नुसती गंमत म्हणून असेल, त्याने एक लांब शिट्टी वाजवली.

दादाचा उजवा हात सवयीने वर गेला. एकटाच होता, तरी गेला. स्वतःवरच हसला तो.

मग त्या हातात कुणीतरी हात घातला.

बोटांत बोटं. व्यवस्थित, शिकवल्यासारखी. हात लहान होता. गार.

दादाला आधी शेवाळ वाटलं. त्याने झटका दिला. बोटं आवळली. खाली ओढणं नाही, काही नाही. नुसतं धरून ठेवलेलं... वर.

"मामा," दादाने हाक मारली.

मामा फोनवर होता. पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो. कुणाला तरी तो बोटीतून पडलेल्या जाड्या गिऱ्हाइकाचा किस्सा सांगत होता, मोठमोठ्याने हसत होता. बोलत बोलत पायऱ्या चढला. दादाकडे त्याने वळूनही बघितलं नाही.

"मामा... शिट्टी वाजव."

काठावरचा दिवा बंद झाला. फाटकाची साखळी वाजली. मोटारसायकल सुरू झाली, लांब गेली.

आता काही दिसत नव्हतं. डावा हात पिंपावर. उजवा हात वर, दुसऱ्याच्या हातात. दादाने तो खाली घ्यायचा प्रयत्न केला. येईना. पिंप सोडून काठाकडे जायला पाहिलं. हातभर गेला... थांबला. जोडी हलत नव्हती. शिट्टी झाली नव्हती ना.

तोंडाने शिट्टी वाजवून बघितली. नुसती हवा.

"सोड," तो म्हणाला.

काही नाही.

"मी आहे तुझा जोडीदार. आता सोड."

अंगठा किंचित हलला. त्याच्या अंगठ्यावरून फिरला. धीर दिल्यासारखा.

दादा रडला. हे तो मला एकदाच बोलला.

घरी मामीने दुसरं ताट वाढलं आणि विचारलं, "भाचा कुठे आहे?" मामा म्हणाला, येईल, कुठे टिवल्याबावल्या करत असेल. मामी तशीच उभी राहिली. तेव्हा तो उठला.

साडेनऊला फाटक उघडलं. टॉर्चचा उजेड पिंपावरून पिंपावर सरकत आला. दादाच्या हातावर येऊन थांबला. मामा सवयीने मोजायला लागला.

"एक..."

उजेड किंचित बाजूला सरकला.

"...दोन."

हा भाग मामा गच्चीवर कधी सांगत नाही. दादाने सांगितलाय.

मग दोन आखूड शिट्ट्या. दुसरी नीट वाजलीच नाही.

बोटं सुटली. एकेक करून.

दादा आपला आपण काठावर आला. पोहण्याचा मास्तर वरच्या पायरीवर उभा होता. त्याचे बूटसुद्धा ओले झाले नाहीत.

"हात सुटला?" त्याने विचारलं.

"कोण आहे ते, मामा?"

मामाने टॉर्च पाण्यावरून काढून फाटकाकडे वळवला.

"मामा, कोण आहे?"

"चल. मामी जेवायची थांबलीय."

गेल्या खेपेला गच्चीवर मी सगळ्यांसमोर विचारलं, "मामा, तुझा हा ओळखीचा मास्तर आधी एकदा हात सोडायची दुसरी शिट्टी वाजवायची विसरला होता का? पोरं पाण्यात असताना?" लहान भाचरं माझ्याकडे बघायला लागली. मामाने सतरंजीचा कोपरा सरळ केला. परत सरळ केला.

"झोपा आता," म्हणाला.

दादाचा उजवा तळहात त्या रात्रीपासून सुरकुतलेला आहे. तासभर पाण्यात बुडवून आत्ताच काढल्यासारखा, पांढरा, बोटांची टोकं चुरगळलेली. डावा कोरडा, ठणठणीत. डॉक्टरांनी तीन मलमं दिली. उन्हाळ्यात, भर दुपारी, तो हात ओला लागतो.

मामा अजून तिथेच शिकवतो. दादा जीवरक्षक झाला नाही. नंतर दोन कारखान्यांत लागला होता. हजेरीच्या मशीनला उजवाच अंगठा लागतो आणि त्याचा तो उमटत नाही, म्हणून दोन्हीकडून त्याला काढलं.