न उघडलेलं सील

"अजून वर! डावं चाक टेकतंय!" इलोना ओरडली.

"हा जॅक आहे, क्रेन नाही!" तिचा भाऊ वेइक्का घामाघूम झाला होता.

शेजारच्या ताइस्तोकाकांची शर्यतीची गाडी दुपारी भंगारात जाणार होती. हिवाळी सुट्टीत मोकळ्या असलेल्या या भावंडांना काकांनी टायर काढायला बोलावलं होतं. मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलच्या पेटीवर शिशाचं सील पाहून दोघं थबकली. तीन वर्षांपूर्वीचं सील, अजून अखंड!

त्या वर्षी गोठलेल्या तळ्यावरची शर्यत काकांनी जिंकली होती. पण दोन्ही मागच्या चाकांनी बर्फ उकरलेला पाहून पंच कालेर्वोंनी त्यांना बाद केलं. "बंदी असलेला, दोन्ही चाकं एकमेकांना बांधून ठेवणारा डिफरन्शियल बसवलाय!" सील ठोकलं, उघडून बघू म्हणाले आणि विसरले. काका पुन्हा तळ्यावर गेलेच नाहीत. गाव त्यांना लबाड म्हणू लागलं. इलोनासुद्धा.

वेइक्का धावत जाऊन कालेर्वोंना घेऊन आला.

"शेगडीवर सॉसेज ठेवून आलोय, लवकर बोला!"

"सील तुमचंच ना?" इलोनाने विचारलं.

"माझंच."

"गाडी गिअरमध्ये आहे, इंजिनाने धरून ठेवलेली. आता हे चाक फिरवा."

कालेर्वोंनी चाक पुढे ढकललं. पलीकडचं चाक उलटं, मागे फिरलं!

"चाकं एकमेकांना बांधलेली असती तर हे हललंच नसतं," वेइक्का म्हणाला. "सारख्या गुळगुळीत बर्फावर साधी गाडीही दोन्ही चाकांनी उकरते, कालेर्वोकाका!"

कालेर्वोंनी पुन्हा फिरवलं. पुन्हा उलटं. त्यांनी टोपी काढली.

"पोरांनो, जे मी करायला हवं होतं ते तुम्ही केलंत. शाबास!" मग काकांच्या घराच्या दाराकडे वळून म्हणाले, "ताइस्तो, चुकलो मी. रविवारी तळ्यावरच्या शर्यतीत सगळ्यांसमोर सांगतो. तू गाडी घेऊन ये."

काका दाराची चौकट धरून उभे होते.

"सांग, नक्की सांग. पण गाडी नाही आणत रे. दोन वर्षं झाली, नजर अधू झालीय; मला वळणं दिसत नाहीत."

बाहेर भंगाराचा ट्रक आला.

"काका, मीही तुम्हाला लबाड म्हणायचे," इलोना म्हणाली.

"सगळेच म्हणायचे, पोरी," काका म्हणाले. "टायर काढा आता. ट्रक थांबणार नाही."

कालेर्वो बर्फात गुडघे टेकून बसले आणि नट सैल करू लागले.