डब्यातले श्वास

जरा हळू बोलतो, राग मानू नका. घसा ठीक आहे माझा. कारण वेगळं आहे, ते ओघात येईलच.

काम तसं साधं होतं. भाचीचा फोन आला, "मामा, तुझं ते जुनं टेपयंत्र चालतं का रे अजून? की तुझ्यासारखंच कुरकुरतं?" तिला तिच्या आईचा अल्बम मूळ टेपवरून ऐकायचा होता. यंत्राचा रबरी पट्टा सैल झाला होता, तो बदलला. हेड स्पिरिटने पुसलं आणि रविवारी दुपारी तिला बोलावलं.

तिची आई म्हणजे माझी धाकटी बहीण. नऊ गाण्यांचा तो एकच अल्बम तिने केला. जॅझच्या वळणाची हलकीफुलकी गाणी. मागे पियानो, डबल बास, ड्रमवर ब्रशची खसखस, आणि तिच्याच आवाजावर तिचाच आवाज तीनदा चढवलेला. कव्हरवर ती पिवळ्या स्कर्टमध्ये खळखळून हसतेय. लोकांनी अल्बम डोक्यावर घेतला. हॉटेलात वाजतो, लिफ्टमध्ये वाजतो, दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा वाजतो. माझं मात्र त्याच्याशी कधी धड जमलं नाही. पहिलं गाणं लागलं की पाय आपोआप ताल धरतो, आणि तिसऱ्यापर्यंत उठून बंद करावंसं वाटतं.

भाचीचंही तेच. "छान आहे रे," ती म्हणाली, "पण ऐकताना गुदमरल्यासारखं होतं. इतकं कोण आनंदी असतं? ती गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, मला तिचा दुसरा आवाजच आठवत नाही. खरं सांग मामा, आई तेव्हा खुशीत होती का?"

तिच्यापुढे वेळ मारून नेणं अवघड. ती छातीचे एक्स-रे काढते. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा, असं दिवसभर लोकांना सांगत असते. कोण कुठे अडखळलं ते तिला लगेच कळतं.

म्हणून एकदाचं सांगून टाकलं. मी तेव्हा स्टुडिओत टेप कापायचं आणि जोडायचं काम करायचो. रेकॉर्डिंगच्या वेळी बहिणीची छाती पार कामातून गेली होती. एक ओळ गायची, भिंतीला टेकायची, मग पुढची ओळ. प्रत्येक वेळी तिची धाप टेपवर यायची. मालक म्हणाले, "दमलेली बाई कोण ऐकणार? काढून टाका." मी ब्लेडने एकेक श्वास कापला. काम पास होईपर्यंत तुकडे फेकायचे नाहीत, असा आमच्याकडे नियम होता. ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले, प्रत्येकावर पेन्सिलीने गाण्याचा आणि ओळीचा आकडा लिहून. एकूण एकशे बारा. पुढे तो डबा फेकायचा धीर झाला नाही.

"आईला माहीत होतं?"

"होतं. तिला काही मागायचं किंवा विचारायचं असलं की आधी एक खोल श्वास घ्यायची, मग 'दादा' म्हणायची. लहानपणापासूनची खोड. तशीच म्हणाली, 'दादा, शेवटच्या ओळीआधीचा एक तरी राहू दे. माझ्या लेकीला कळू दे, मी मधे मधे थांबत होते.' मी हो म्हटलं, आणि तोही कापला. पुढे आजारपणात तिने विचारलं, ठेवलास ना? मी म्हटलं, ठेवलाय."

भाचीने यंत्राकडे बोट दाखवलं. मी टेप लावली. आठ गाणी नेहमीसारखी गुळगुळीत गेली. नवव्याच्या शेवटच्या ओळीआधी... श्वास आला. ओला, जरा घरघरणारा.

चकती हाताने उलटी फिरवून बघितलं. जोडावरची पांढरी पट्टी जागच्या जागी होती, मी लावली तशीच. मग डबा काढला. तुकडे मोजले, दोनदा मोजले. एकशे अकरा.

पुढच्या रविवारी भाची पुन्हा आली. मी नको नको म्हणत होतो, ऐकेल तर शपथ. त्या दिवशी अख्ख्या नवव्या गाण्यात श्वास होते. त्याच्या पुढच्या रविवारी आठव्यात, सातव्यात. इकडे डबा रिकामा होत होता. मी घाबरलो होतो, हे कबूल करतो. पण खरं सांगू? ती गाणी पहिल्यांदा मला मनापासून आवडली. विहिरीतून पाणी ओढावं तसा तो आनंद बहीण ओढून आणत होती, आणि तो खराच होता. मी फक्त ओढणारीचे हात पुसून टाकले होते.

सहाव्या रविवारी डब्यात नुसता गंज उरला. एकशे बाराच्या एकशे बारा श्वास गाण्यांत परतले होते. भाची ऐकताना रडली, हसली, पुन्हा रडली. "हीच," ती म्हणाली, "हीच माझी आई." माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, फिटलं.

टेप संपली. सुटलेलं टोक चकतीवर फडफडत होतं, वाजण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बंद करायला मी हात पुढे केला, आणि माझ्या खुर्चीच्या मागे... कुणीतरी खोल श्वास घेतला.

मी वळलो नाही. भाचीचा चेहरा पांढरा पडला होता. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. दोघंही थांबलो. मग रोजच्या सवयीने, अगदी हलक्या आवाजात, ती म्हणाली, "सोड, आई... सोड."

काही झालं नाही.

त्याला आज तीन आठवडे झाले. यंत्र मी पुन्हा लावलेलं नाही. भाची रोज फोन करते आणि एवढंच विचारते, "सुटला का रे?" मी नाही म्हणतो. मी याच खुर्चीत बसून असतो. खरं उत्तर जिभेवर तयार आहे, या वेळी खोटं बोलणार नाही. पण बहिणीने विचारायला तर हवं.

तुम्हीही जरा हळूच बोला. तिने 'दादा' म्हटलं, तर मला ऐकू आलं पाहिजे.