आजीच्या सीटवर कोण?

यशोधराने आजीच्या हातावरची माशी हाकलली आणि तिचा स्वतःचा हात तसाच हवेत थांबला.

"दादा," ती कुजबुजली, "आजीचा विंचू कुठे गेला?"

राजरत्नने वॉकमनचा हेडफोन मानेवर ओढला. भागीरथी आजीच्या उजव्या मनगटावर हिरवा विंचू गोंदलेला होता. लहान असताना यशोधरा त्याला इतकी घाबरायची, की आजीने त्या हाताने भरवलेला घास खायचीच नाही.

"गोंदण कुठे जाणार?" तो म्हणाला. "आंघोळीत वाहून गेलं का?"

"मग तूच बघ."

बसच्या शेवटच्या सीटवर, खिडकीशी, पांढऱ्या साडीचा पदर तोंडावर ओढून आजी गाढ झोपली होती. मांडीवरचा हात बारीक, सुरकुतलेला, अगदी आजीसारखाच होता. पण त्यावर विंचू नव्हता. मनगटाला नुसता पांढरा दोरा होता.

पुढच्या सीटवरची कीर्ती गुडघ्यांवर उभी राहून मागे वळली. ती त्यांच्याच इमारतीत राहायची आणि तिघांत सगळ्यात धीट होती. तिने दोन बोटांनी पदर हळूच उचलला.

पदराखाली भलतीच आजी होती.

कीर्तीने पदर पटकन खाली सोडला. बस मात्र खडखडत चालली होती.

बदलापूरच्या विहारात येणारी काही कुटुंबं त्या मे महिन्यात श्रीलंका बघायला निघाली होती. राजरत्नचे बाबा मुकेश गायकवाड, आई प्रीती, आजी आणि ही दोघं भावंडं. शिवाय कीर्ती आणि तिची आई वृंदाकाकू. सहल काढली होती अंबरनाथच्या जयदेवकाकांनी. मुंबईहून विमानाने कोलंबो आणि तिथून बसने अनुराधापूर. दोन हजार वर्षांपेक्षाही जुनं शहर, आणि दिवस वैशाखी पौर्णिमेचा!

सकाळी बसमधून उतरल्यावर मुलांचे डोळे विस्फारले होते. हजारो माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत. हातात कमळं. धक्काबुक्की नाही, ओरडाआरडा नाही. समोर प्रचंड पांढरा स्तूप, आणि त्याच्या चौथऱ्याभोवती दगडी हत्तींची रांग, जणू स्तूप त्यांनीच पाठीवर तोलून धरला होता. आपल्या इमारतीसारख्या कितीतरी इमारती एकावर एक ठेवल्या तरी याचं टोक गाठता येणार नाही, असं राजरत्न म्हणाला होता, आणि या वेळी कीर्तीने वाद घातला नव्हता.

पण आजीला स्तूपाइतकीच ओढ होती ती झाडाची. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा बोधगयेच्या पिंपळाची फांदी जहाजातून इथे घेऊन आली होती. तो पिंपळ अजून उभा होता. बदलापूरच्या विहारामागे धोंडिबा आजोबांनी एक पिंपळ लावला होता, आणि हे झाड एकदा बघायचं, असं ते नेहमी म्हणायचे. ते राहून गेलं. म्हणून आजीने त्यांचा चपटा पत्र्याचा डबा बरोबर आणला होता. झाडाचं एक पान त्यातून घरी न्यायचं होतं.

जयदेवकाकांनी मात्र रांग बघितली आणि सगळ्यांना फाटकातूनच हात जोडायला सांगितलं. रात्रीपर्यंत कँडीला पोचायचं होतं, आणि वाटेत रत्नांच्या दुकानात थांबायचं होतं. आजी त्यावर काहीच बोलली नाही. आजी गप्प बसली की तिने काहीतरी ठरवलेलं असतं, हे घरात फक्त मुलांना माहीत होतं.

"सीटखाली बघ," कीर्ती म्हणाली.

यशोधरा वाकली. खाली निळ्या पट्ट्यांच्या चपला होत्या. एका पट्ट्याला लाल दोऱ्याची शिवण. म्हणजे आजीच्याच. आजीची पिशवीही तिथेच होती, पण पिशवीत डबा नव्हता.

"चपला इथे आणि डबा नाही," यशोधरा म्हणाली. "म्हणजे ती अनवाणी गेली, आणि डबा घेऊन गेली."

"झाडाकडे," कीर्ती म्हणाली.

राजरत्नचा चेहरा उतरला होता. त्याला आता आठवलं. बसमध्ये बसल्यावर आजीने त्याच्या खांद्याला हात लावून काहीतरी सांगितलं होतं. कानात गाणं चालू होतं. त्याने मान वर न करताच "हं" म्हटलं होतं. मग तोही यशोधरा-कीर्तीपाठोपाठ खाली उतरला होता, आणि तिघं परत आली तेव्हा आजी पदर ओढून झोपलेली दिसली होती. आजी त्यालाच सांगून गेली होती, आणि त्याने ते ऐकलंच नव्हतं.

तो धडपडत पुढे गेला. बाबांना बस लागते म्हणून ते डोळे मिटून बसले होते. आईला वाटत होतं, आजी मागे झोपली आहे. जयदेवकाकांना तर त्याचं बोलणं पटेचना. निघताना गुंडाळलेल्या पेपरने त्यांनी स्वतः मोजलं होतं, आणि आकडा बरोबर भरला होता.

"काका, तुम्ही नुसती डोकी मोजलीत," कीर्ती म्हणाली. "कुणाची आहेत ते कुठे बघितलंत?"

तेवढ्यात या गडबडीमुळे ती अनोळखी आजी जागी झाली. भोवती परकी माणसं बघून ती घाबरली आणि तिने खिडकीची दांडी घट्ट धरली. सगळे एकदम तिच्याशी बोलू लागले, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. ती आणखीच आक्रसली. यशोधरा मात्र तिच्यासमोर बसली आणि हात जोडून म्हणाली, "नमो बुद्धाय."

म्हातारीने दांडी सोडली. "साधु, साधु," ती पुटपुटली आणि तिने यशोधराच्या केसांवरून हात फिरवला.

ड्रायव्हरने बस एका तलावाच्या बांधावर उभी केली. त्याचं नाव सुनील. इथेही सुनील असतात, हे कळल्यापासून मुलांची त्याच्याशी गट्टी जमली होती. तो काही वर्षं मस्कतला कामाला होता आणि तिथे हिंदी शिकला होता. त्याने म्हातारीशी सिंहलीत बोलून सगळं विचारून घेतलं. तिचं नाव सोमावती. पौर्णिमेचं व्रत होतं, उन्हाने चक्कर आली. गावाहून आली ती बसही अशीच पांढरी होती. दार उघडं दिसलं, मागची सीट रिकामी दिसली, ती येऊन बसली आणि झोपून गेली.

"इनका लोग उदर," सुनील मागे बोट दाखवत म्हणाला. "आप का दादी भी उदर."

जयदेवकाकांचं मत पडलं की या बाईंना पोलीस चौकीत सोडावं, तिथेच तक्रार लिहावी आणि बसने पुढे हॉटेल गाठावं. आजी सापडली की पोलीस कळवतीलच.

"कुणाला कळवतील?" राजरत्नने विचारलं. "तुमचा मोबाइल इथे चालत नाही. आजीला मराठीशिवाय काही येत नाही. आणि ती हरवलेली नाहीये काका, आपण तिला सोडून आलोय."

बाबा उठले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज ठाम होता. "सुनील, गाडी घुमाओ."

बस वळली. डाव्या हाताला तलाव पसरला होता, थेट क्षितिजापर्यंत. एरवी यशोधराने बारवी धरणाची आठवण काढली असती. दोन हजार वर्षांपूर्वी, यंत्रं नसताना, राजांनी हे तलाव बांधले आणि अजून त्यांच्यावर शेती पिकते, असं सुनीलने सकाळीच सांगितलं होतं. आता तिला वाटत होतं, हा तलाव संपतच नाही.

गर्दीमुळे पोलिसांनी गाड्या बऱ्याच अलीकडे अडवल्या होत्या. तिथून पायीच जायचं होतं. डांबर तापलेलं, आणि सोमावतीआजी अनवाणी. यशोधराने आजीच्या चपला तिच्यापुढे ठेवल्या. त्या तिला बेतून केल्यासारख्या बसल्या.

रस्त्याच्या कडेला मांडव घातले होते. पौर्णिमेला येणाऱ्या प्रत्येकाला तिथे सरबत आणि जेवण फुकट मिळत होतं. कुणी कुणाला गाव विचारत नव्हतं, जात विचारत नव्हतं. एका मुलाने राजरत्नच्या हातात सरबताचा ग्लास दिला. राजरत्नने तो सोमावतीआजीला प्यायला दिला आणि त्या मुलाला हात जोडले.

जयदेवकाका घोषणा करायला पळाले. थोड्याच वेळात कर्ण्यातून सिंहलीत आणि मग इंग्रजीत आवाज आला, आणि त्यात 'बागिराती' एवढाच शब्द ओळखीचा होता.

कीर्तीने कपाळाला हात लावला. "आजीला इंग्रजीत हाक मारून ती ओ देणार आहे?"

झाडाच्या चौथऱ्यावर चढायची रांग तशीच लांब होती, पण खालच्या वाळूच्या अंगणात मोकळं जाता येत होतं. तिथे पाय ठेवला आणि राजरत्नचा धीरच सुटला. पांढऱ्या साडीतल्या आज्याच आज्या! पाठमोऱ्या बसलेल्या, हात जोडलेल्या, केस पिकलेल्या. एक भिक्खू वंदना सांगत होते आणि सगळे मागून म्हणत होते. शब्द तेच, जे बदलापूरला म्हणतात. चाल मात्र वेगळी.

चाल वेगळी! राजरत्न थबकला.

विहारात आजीच्या 'गच्छामि'ला शेपूट असायचं. सगळे थांबले तरी तिचा सूर चालूच. तो कुळगावहून निघतो आणि बारवी धरणाला वळसा घालून परत येतो, अशी मुलं चेष्टा करत. राजरत्नला तर इतकी लाज वाटायची की तो तिचा पदर ओढायचा. तिच्यासारखं म्हणायची वेळ त्याने स्वतःवर कधीच येऊ दिली नव्हती.

वंदना संपली. "साधु, साधु, साधु" असा आवाज अंगणभर फिरून विरला. पानांची सळसळ तेवढी राहिली. राजरत्नने डोळे मिटले आणि बदलापूरच्या चालीत, छाती भरून सुरुवात केली.

"बुद्धं सरणं गच्छामि..."

शेकडो माना वळल्या. त्याचे कान तापले. शेजारून यशोधराने सूर धरला, मग कीर्तीने, मग बाबांनी. सोमावतीआजीनेही, तिच्या स्वतःच्या चालीत. शेवट आला, सगळे थांबले.

आणि झाडाच्या पलीकडून एक आवाज तसाच पुढे चालू राहिला. लांब, कापरा, कुणाचीही घाई नसलेला.

"आजी!"

कठड्याजवळ आजी मांडी घालून बसली होती. मांडीवर उघडा डबा. मुलं येऊन आदळली तरी तिने आधी सूर पुरा केला. "एवढ्यात निघायचं झालं?" ती म्हणाली. "पान अजून पडलं न्हाई. तोडायचं नसतं, वाट बघावी लागते."

बस निघून गेली होती, हे तिच्या गावीही नव्हतं. राजरत्न तिच्या शेजारी वाळूत बसला.

"आजी, तू मला सांगितलंस ते मी ऐकलंच नव्हतं."

"हं म्हणालास की."

"नुसतंच म्हणालो."

आजीने त्याच्याकडे पाहिलं, मग बाबांच्या ओल्या डोळ्यांकडे, आणि तिला काय ते समजलं. ती रागावली नाही. विंचवाचा हात तिने त्याच्या पाठीवर ठेवला. "पर सूर लावलास बरीक झ्याक. माझाच वाटला."

तेवढ्यात गर्दीतून एक बाई रडत धावत आली आणि तिने सोमावतीआजीला मिठी मारली. मग मुलगी आईला जे काही बोलली, त्याची भाषा कळली नाही, पण बोलणी कळली. सगळ्या जगात ती सारखीच असतात.

सोमावतीआजीने सगळं ऐकून घेतलं. मग तिची नजर रिकाम्या डब्याकडे गेली. तिने कमरेला खोचलेला रुमाल सोडला. सकाळी तिच्यासमोर पडलेलं पिंपळाचं पान त्यात होतं, लांब टोकाचं, अजून हिरवं. ते तिने दोन्ही हातांनी डब्यात ठेवलं.

आजी नको नको म्हणत होती, ती घे घे म्हणत होती. एक मराठीत, एक सिंहलीत. शेवटी दोघीही हसू लागल्या. बाहेर चपलांपाशी सोमावतीआजी निळ्या चपला परत करू लागली, तेव्हा आजीने तिचे हात धरले. "ऱ्हाऊ द्या. माझं पाऊल इथं ऱ्हाईल."

जयदेवकाका धापा टाकत आले तेव्हा कर्ण्यावर तिसरी घोषणा चालू होती. आजीला बघून ते तिथेच खाली बसले. मग उठून त्यांनी कान पकडले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मुलांनो, आज माझी लाज तुम्ही राखलीत. रत्नांचं दुकान रद्द. ज्यांना झाडाजवळ जायचंय त्यांनी रांगेत उभं राहा. कँडीला पोचू तेव्हा पोचू."

बसमधले सगळे रांगेला लागले. वाट बघताना बाबांनी राजरत्नच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला. वृंदाकाकू कीर्तीला म्हणाल्या, की घरी तुझा चौकसपणा नको होतो, पण आज त्यानेच निभावलं. आणि सुनीलने यशोधराला सलाम ठोकला. सगळ्यांत आधी तिनेच तर नीट बघितलं होतं.

ते पान पुढे बदलापूरच्या विहारात काचेमागे लागलं. पण ती नंतरची गोष्ट. त्या संध्याकाळी, घराघरांवर कागदी कंदील पेटू लागले तेव्हा, जयदेवकाका बसच्या दारात उभे राहिले. हातात पेपर नव्हता. ते एकेक नाव घेत होते आणि ओ आल्याशिवाय पुढे जात नव्हते.

"भागीरथीआजी?"

"हायेऽऽऽ..."

सुनीलने गाडी सुरू केली, बस तलावाच्या बांधावर चढली, तरी ते 'हाये' अजून चालूच होतं. राजरत्न तिच्याच शेजारी बसला होता. वॉकमन पिशवीत होता.